लाइट आल्यावरचा पहिला सेकंद

मुक्ताईनगर तालुक्यात मोटरीला 'ऑटो' कुणी हौसेनं बसवत नाही. शेतीच्या फीडरला थ्री-फेज लाइट दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, पाळी बदलत बदलत. कित्येक वर्षं हीच रीत. दिवसाची पाळी असली तर माणूस जाऊन बटण दाबतो. रात्री बाराला लाइट आली तर कोण जाणार? विहीर काही घराला लागून नसते. पूर्णेच्या नाहीतर तापीच्या काठावर मोटर, तिथून लांबलचक पाइपलाइन आणि मग केळीची बाग, असे कितीतरी शेतकरी आमच्याकडे आहेत. वढोद्याच्या जंगलाकडे, डोलारखेडा-सुकळीच्या शिवारात तर केळीच्या दाट बागांमध्ये वाघाचा वावर असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे ऐकून मौज वाटते. मध्यरात्री बॅटरी घेऊन स्टार्टरच्या पेटीपर्यंत जाणाऱ्याला वाटत नाही. आणि पाणी तर चुकवता येत नाही. केळीची मृगबाग असो की कांदेबाग, एप्रिल-मेच्या उन्हात ठिबकची पाळी हुकली की पानं सांगायला लागतात.

म्हणून ऑटो. लाइट आली की आपोआप स्टार्टर ओढायचा, एखादा फेज गेला की मोटर सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम. माझं दुकान या ऑटोंवर चालतं. नवे बनवतो, पण जास्त करून दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्त करतो. पूर्वीच्या ऑटोत चिप नसायची. मग मोबाइल आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'नं फोनवरून मोटर चालू-बंद करता येते हे शेतकऱ्याला दाखवून दिलं, आणि बघता बघता सिमकार्डवाले ऑटो गावोगाव झाले. हल्ली इंजिनीअरिंगची पोरं आर्डुइनो नाहीतर ईएसपी 8266 वर घरच्या घरी ऑटो जुळवतात आणि वडिलांच्या मोटरीला लावतात. मला याचं कौतुक आहे. धंदाही आहे, कारण त्यातले बरेच सहा महिन्यांत माझ्या टेबलावर येतात.

येताना तक्रार ठरलेली: "भाऊ, मोटर धरत नाही. नुसता टरटर टरटर करतो." पोराची समजूत असते की प्रोग्रॅम बिघडला. बाप म्हणतो, डीपीचाच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचाच, काही घोटाळा. मी झाकण उघडतो, आतली कोळिष्टकं आणि पालीची अंडी झटकतो आणि आधी एकाच ठिकाणी मीटरची पिन टेकवतो. चिप आणि स्टार्टर ओढणारा रिले यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या तीन पायांच्या काळ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर. रुपया-दोन रुपयांची ती वस्तू.

दुकानात शिकायला येणारा मुलगा आयटीआयचा. त्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं, "दादा, पिनवर पाच व्होल्ट येतात. रिलेवर पण पाच व्होल्ट लिहिलंय. मग सरळ का नाही जोडायचं? मधी हा कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. व्होल्ट जुळतात, करंट जुळत नाही. मी त्याला निळ्या डबीतल्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल मोजायला लावली. मीटरनं सत्तरच्या आसपास ओहम दाखवले. पाच भागिले सत्तर म्हणजे 71 मिलिअँपिअर. आर्डुइनोच्या चिपची पिन सुखानं 20 देते; 40 ही तिची शेवटची हद्द, रोजच्या वापराची नव्हे. ईएसपीची पिन तर 12 वरच दमते. पिन म्हणजे सही करणारा साहेब. ओझं उचलायला गडी वेगळा लागतो आणि तो गडी म्हणजे ट्रान्झिस्टर. बेसला थोडा करंट दिला की कलेक्टर-एमिटरमधून त्याच्या कित्येक पट जातो. रिलेचं एक टोक प्लसला, दुसरं कलेक्टरला, एमिटर मायनसला. पोरं हे उलटं करतात, ट्रान्झिस्टर प्लसकडे आणि रिले खाली. मग एमिटर बेसच्या मागे 0.7 व्होल्टनं चालतो. पिनवर पाच असतील तर रिलेला जेमतेम 4.3 मिळतात, सप्लाय बारा व्होल्टचा असला तरीही. बारा व्होल्टचा रिले त्यावर काय ओढणार?

"कित्येक पट" म्हणजे किती, यावर खरी गफलत होते. एका मोठ्या रिलेच्या ऑटोचं उदाहरण सांगतो, कारण ते मी मुलाला टेबलावर मोजून दाखवलं होतं. रिले 30 अँपिअरचा, कॉइल बारा व्होल्ट, 155 ओहम. म्हणजे 77 मिलिअँपिअर हवेत. बेसला 10 किलोओहमचा रेझिस्टर. ट्रान्झिस्टर बीसी 547. ऑटो आधी बरा चालत होता. पावसाळ्यात ट्रान्झिस्टर गेला, गावातल्याच कुणीतरी नवा बीसी 547 घातला आणि तेव्हापासून रिले ओढेना. शेतकरी म्हणाला, "त्यानं तर नवाच टाकला, नंबरबी तोच हाये!"

नंबर तोच, पण शेवटचं अक्षर वेगळं. बीसी 547 तीन जातींत येतो: ए, बी, सी. ए जातीचा गेन, म्हणजे हे 'कित्येक पट', 110 ते 220, सी जातीचा 420 ते 800. बेसला मिळत होते पाचातून 0.7 वजा करून 4.3 व्होल्ट, भागिले 10 किलो, म्हणजे 0.43 मिलिअँपिअर. मूळचा सी होता. पाचशेनं गुणलं तर दोनशेच्या वर जातं, काम भागत होतं. नवा ए. 110 नं गुणा, 47 येतात. बाराचा रिले साधारण नऊ व्होल्टवर ओढतो, त्याला 58 तरी लागतात. मीटर लावला तर बेसवर 0.7 अगदी व्यवस्थित, आणि कलेक्टरवर पावणेपाच व्होल्ट. ट्रान्झिस्टर पूर्ण जागा झाला असता तर तिथे 0.1, 0.2 दिसायला हवे होते. मधलेच व्होल्ट दिसले की समजायचं, हा अर्धवट जागा आहे. बोट लावलं तर कोमटही लागतो.

म्हणून माझ्या दुकानात पुस्तकातला गेन चालत नाही. कुठलाही ट्रान्झिस्टर असो, गेन दहाच धरायचा. तीस मिलिअँपिअरचा रिले असेल तर बेसला तीन द्यायचे, म्हणजे पाच व्होल्टच्या पिनला एक किलोओहम. 77 वाल्या रिलेला बीसी 547 द्यायचाच नाही, कारण त्याची कमाल हद्दच शंभर. तिथे बीसी 337 आणि बेसला 560 ओहम. जुन्या बोर्डांवर आपल्या बीईएलच्या टोपीचा एसएल 100 असायचा, त्या धातूच्या टोपीवर विश्वास ठेवणारे म्हातारे मेकॅनिक अजून भेटतात. मला त्यांचं पटतं.

हा सगळा हिशेब कुठल्याही गावाला लागू आहे. आमच्या गावाचा हिशेब यापुढे सुरू होतो.

रिलेच्या कागदावर ओढायचे व्होल्ट लिहिलेले असतात ते वीस अंशांच्या तापमानाला. आमच्याकडे वीस अंश थंडीत पहाटे असतात. मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या वर जाते; शेतात पत्र्याच्या पेटीत, दिवसभर ऊन खाल्लेल्या पेटीत, पासष्ट तरी धरा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यानं वाढतो. पंचेचाळीस अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ अठरा टक्के. चारशे ओहमची कॉइल 470 ची होते आणि नऊ व्होल्टवर ओढणाऱ्या रिलेला आता 10.6 लागतात.

दुसऱ्या बाजूनं लाइट खाली बसते. हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही: फीडरवर लाइट येते त्या क्षणी एका डीपीवरचे सगळे ऑटो एकदम मोटरी ओढतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. 230 च्या जागी 180 दिसणं यात नवल नाही. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असं वर्षानुवर्षं सांगतंय ते याचसाठी. डीपी जळते ती या पहिल्या झटक्यांनीच. माझा धंदा ऑटोचा असला तरी त्यांचं म्हणणं खोटं नाही.

तर 180 व्होल्टला बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर देतो 9.4. शिखर धरलं तर 13.3, ब्रिजमध्ये 1.4 गेले, कंडेन्सरवरची लाट अर्ध्या व्होल्टची. हातात राहिले साधारण 11.4. साधा ट्रान्झिस्टर पूर्ण जागा असेल तर त्यातले फक्त 0.2 खातो, रिलेला 11.2 मिळतात आणि 10.6 ची गरज भागते. पण बरीच पोरं यूएलएन 2003 वापरतात. एका चिपमध्ये सात जोड-ट्रान्झिस्टर, आतच डायोड, आतच बेसचा रेझिस्टर. वायरिंग सुटसुटीत. मीही जिथे सहा-सात रिले असतात तिथे तोच घालतो. मात्र जोड-ट्रान्झिस्टर पूर्ण जागा झाला तरी पाऊण ते एक व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. 11.4 मधून ते गेले की आपण बरोबर काठावर येऊन उभे. एखादा रिले ओढतो, एखादा नुसता कुरकुरतो. रिले कुरकुरला की स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर टरटरतो, कॉन्टॅक्टर टरटरला की मोटर झटके घेते, मोटरीच्या झटक्यानं लाइट आणखी बसते. जळगावच्या एखाद्या वर्गात एसीत हेच सर्किट वर्षभर बिनतक्रार चालेल.

डायोडबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं, तरीही काही जण तो विसरतात. कॉइलचा करंट अचानक तोडला की ती उलटा व्होल्टेज मारते, शेकड्यांनी. बीसी 547 सोसतो पंचेचाळीस. डायोड नसला तर ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशी मरेल असंही नाही, आठ-पंधरा दिवस, कधी महिनाभर तग धरतो आणि मग एक दिवस आतून शॉर्ट होऊन बसतो. तो शॉर्ट झाला की रिले कायमचा ओढलेला, चिपनं काहीही सांगो. एका बाजारी ऑटोत डायोडसाठी बोर्डावर जागा होती, छाप होता, भोकंही होती. डायोड तेवढा नव्हता. वाचवलेला रुपया कुणाच्या खिशात गेला कोण जाणे. कॉइलच्या दोन टोकांत 1 एन 4007, पांढरा पट्टा प्लसकडे. उलटा लावलात तर पहिल्याच वेळी फट् होतं आणि कोण चुकलं ते तिथेच कळतं.

मला जास्त काळजी असते ती वेगळीच. ती चालू करण्याची नाही. चिप काहीच बोलत नसते तेव्हा ट्रान्झिस्टर काय करतो, याची.

लाइट आली. पाच व्होल्ट उभे राहायला थोडा वेळ, चिपला जागं व्हायला थोडा. या मधल्या काळात पिन हायही नसते, लोही नसते. ती लोंबकळत असते. त्या पिनेपासून बेसपर्यंत गेलेली वायर पेटीत थ्री-फेजच्या केबलींना खेटून असते. तीनशे गेनच्या ट्रान्झिस्टरला तीस मिलिअँपिअर ओढायला बेसला किती लागतं? एक दशांश मिलिअँपिअर. तेवढं भलत्याच कुठून मिळालं तरी रिले टिकटिकतो. कुणीच सांगितलेलं नसताना मोटर एक ठोका घेते.

आता त्या वेळी विहिरीत उतरून कुणी फूटव्हॉल्व्ह साफ करत असेल तर? ऑटोचं बटण बंद केलंय, चिपला 'चालू करू नको' असा निरोप आहे, म्हणून तो निर्धास्त आहे. मेन स्विच पाडायला हवा हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाडत कुणी नाही.

यावरचा इलाज पैशाच्या भाषेत काहीच नाही. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये 10 किलोओहमचा एक रेझिस्टर. पिन बोलते तेव्हा तो 4.3 मिलिअँपिअरमधले 0.07 खातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पिन गप्प असते तेव्हा तो बेसला खाली धरून ठेवतो. वायर तुटली, सोल्डर सुटलं, चिप मेली, काहीही झालं तरी रिले सुटलेला. पोरांच्या बोर्डांवर हाच रेझिस्टर सर्वांत जास्त वेळा गायब असतो, कारण तो नसला तरी टेबलावर सगळं चालतं.

माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतात, भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सिग्नलचे रिले असे बनवलेले असतात की करंट गेला की आर्मेचर आपल्या वजनानंच खाली पडतं, आणि खाली पडणं म्हणजे सिग्नल लाल. त्यांच्या कॉन्टॅक्टात धातूवर कार्बन असतो, म्हणजे ठिणगीनं ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत. आपल्या निळ्या डबीतले चिकटतात. "गाडी उशिरा गेली तर चालते, चुकून नको सुटायला," एवढं बोलून ते पेटीतल्या मुंग्या बघायला लागले. मुंग्या रिलेत का जातात हा त्यांचा आवडता विषय.

हल्ली ऑनलाइन मिळणारी तयार रिले मॉड्यूलं येतात. छान असतात, वर दिवा लागतो, मधे ऑप्टोकपलर असतो. पण त्यातल्या पुष्कळांची सवय उलटी: पिन लो केली की रिले ओढतो. म्हणजे चिपकडून येणाऱ्या वायरीला कुठे जमीन लागली तरी मोटर चालू. शिवाय पाच व्होल्टवर चालणाऱ्या मॉड्यूलला ईएसपीची 3.3 व्होल्टची पिन हाय केली तरी मधे 1.7 व्होल्ट उरतात, आणि काही मॉड्यूलांत तेवढ्यावर रिले सुटायला कुरकुर करतो. घरातल्या बल्बला हे मॉड्यूल खुशाल लावा. मोटरीला मी लावून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

ईएसपीची आणखी एक खोड. तो जागा होताना त्याच्या बऱ्याच पिना क्षणभर स्वतःहूनच हाय होतात. इथे 10 किलोचा रेझिस्टर काही करू शकत नाही, कारण पिन गप्प नाही, ती चुकीचं बोलतेय. जीपीआयओ चार आणि पाच या पिना शांत राहतात, रिले तिथेच जोडायचा. हे एका पोराला सांगितलं तर म्हणाला, "काका, प्रोग्रॅममध्ये पहिल्याच ओळीत लो करतो ना." प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आधीचीच ही गोष्ट आहे, हे त्याला पटवायला मला त्याच्याच बोर्डावर दिवा जोडून दाखवावा लागला.

दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक बोर्ड आधी तव्यावर जातो, असं आम्ही म्हणतो. पत्र्याची जुनी पेटी, आत साठ वॅटचा बल्ब, झाकण बंद. तास-दीड तासानं आतलं थर्मामीटर साठच्या पुढे गेलं की डिमरस्टॅटवर लाइट 230 वरून हळूहळू 180 वर आणायची आणि रिले सोडून पुन्हा ओढायला लावायचा. मग लाइट झटकन पाडायची, झटकन द्यायची, पुन्हा पाडायची. फीडरवर होतं तसं. या वेळी मुलाचं काम फक्त कान देण्याचं. एक स्वच्छ 'टक्' आला पाहिजे, उशिरा आला तर चालेल. दोन 'टक्' आले की बोर्ड परत टेबलावर.

उशीर मात्र मी मुद्दाम घालतो. लाइट आल्यावर लगेच ओढायचं नाही, थांबायचं. एका पेटीला अर्धा मिनिट, दुसरीला दीड, तिसरीला तीन. एकाच डीपीवरच्या मोटरी एकामागून एक उचलल्या तर कुणाच्याच कॉइलला 180 वर झगडावं लागत नाही. बोर्डावर त्यासाठी एक छोटा प्रिसेट असतो, स्क्रूड्रायव्हरनं फिरणारा. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं की मान डोलावली जाते, चहा मागवला जातो, आणि शेवटी हळूच विचारणा होते, "पण माझी मोटर सगळ्यांच्या आधी उचलली पाहिजे हं भाऊ. नाहीतर वरच्या बांधावाल्याची पाइपलाइन आधी भरते."

बांधावाला दुसऱ्या दिवशी येऊन तेच सांगतो. त्यामुळे प्रिसेटवर मी आता फेव्हिक्विकचा थेंब टाकतो.